अर्ध्या गिरकीवर थांबलेला पंखा

त्या वर्षी आमच्या गावात पाण्यात बुडालेली एकही मोटार उरली नव्हती. आधी विहिरी आटल्या, मग बोअर आटले, आणि त्यांच्यामागं माझ्या वडिलांचं काम गेलं. बाबा मोटारी बसवायचे. बिलोली तालुक्यातल्या दहा-पंधरा गावांत विहिरीवर मोटार बसवायची, जळाली की वर काढायची, तांब्याच्या तारेचं वायंडिंग भरून परत बसवायची, हेच त्यांनी जन्मभर केलं. आमचं स्वतःचं शेत कधीच नव्हतं. दुसऱ्याच्या शेतात पाणी खेळलं की आमच्या घरात पीठ यायचं. पाणीच नाही तर मोटार कशाला लागते आणि मोटारवाला तरी कशाला? पान्ह्यांची पिशवी खुंटीला टांगली होती ती टांगलेलीच राहिली. माय रोजगार हमीच्या कामावर खडी उचलायला जायची, आणि बाबा दिवसभर पारावर न बसता घरातच बसायचे. पारावर बसलं की लोक विचारतात, काय मिस्तरी, काम हाय का?

मी त्या घरातली पहिली कॉलेज शिकलेली. नांदेडला वसतिगृहात राहून बी.एस्सी. केलं, विषय कॉम्प्युटर. हे मी आजही ताठ मानेनं सांगते, कारण गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीतल्या पोरी तेव्हा सातवीला शाळा सोडायच्या. पदवी झाल्यावर उदगीरच्या एका ज्युनियर कॉलेजात कॉम्प्युटर लॅबमध्ये लागले. मानधनावर. म्हणजे आज आहे, उद्याचं कुणी सांगावं. तरी एक खोली भाड्यानं घेतली आणि गावाकडून मायला आणि बाबांना बोलावून घेतलं. उदगीरला तरी कुठं पाणी होतं? नळ बारा-पंधरा दिवसांनी यायचा. पण गावात टँकरमागं धावण्यापेक्षा बरं.

उदगीर जिल्हा होणार अशी तेव्हा शहरभर बोलवा होती. चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडवर, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये तीच चर्चा. जिल्हा झाला की कचेऱ्या येतील, कचेऱ्या आल्या की जागा निघतील. आमचे हेडक्लार्क मला म्हणायचे, "मॅडम, तुम्ही काय काळजी करून राहिल्या? जिल्हा झाला की तुम्ही कलेक्टरच्या ऑफिसात." आणि स्वतःच हसायचे. मी हसत नव्हते. मला जिल्हा नको होता, मला लॅबमधली ती एक जागा हवी होती. प्रयोगशाळा सहायकाची जागा संस्थेनं मंजूर करून आणली होती आणि माणूस नेमायचा बाकी होता.

अशात एका गुरुवारी लाईट गेली, आली, परत गेली आणि एकदम जोरात आली. ऑफिसातल्या कॉम्प्युटरमधून फट्‌ असा आवाज झाला आणि तो बंद पडला. सगळे मला बोलवायला आले. मी कॅबिनेट उघडून पाहिलं. मदरबोर्डवरचे दोन कपॅसिटर फुगून फुटले होते. बोर्ड गेला होता.

हेडक्लार्क म्हणाले, "लातूरहून इंजिनिअर बोलावू."

मी म्हणाले, "कशाला? नवा बोर्ड आणून मी बसवते."

का म्हणाले, ते मला माहीत आहे. मला दाखवायचं होतं.

हेडक्लार्कनी चष्मा खाली केला. "मॅडम, ही विहिरीवरची मोटार न्हाई बरं का." माझे वडील काय करायचे हे मीच एकदा त्यांना सांगितलं होतं. अभिमानानं सांगितलं होतं.

प्राचार्य सर शांत माणूस. ते म्हणाले, "सोमवारी संस्थेचे सचिव साहेब येताहेत. त्या जागेचं सोमवारीच ठरेल. मशीन चालू दिसलं तर मी तुमचं नाव पुढं करीन. नाही दिसलं तर मला तोंड उघडता येणार नाही. झेपेल ना?"

"झेपेल," मी म्हणाले. तिथून बाहेर पडले आणि जिना उतरताना कळलं, जास्तच बोलून बसले. कारण खरं सांगायचं तर मी आजवर रॅम बदलली होती, हार्डडिस्क बदलली होती, विंडोज तर शंभर वेळा टाकली असेल. अख्खा बोर्ड कधी बसवला नव्हता.

शुक्रवारी पहाटेच्या एसटीनं मुखेडमार्गे नांदेडला गेले. कॉलेजात असताना ज्या दुकानात आम्ही पेनड्राइव्ह घ्यायचो, तिथूनच बोर्ड आणि प्रोसेसर घेतला. दुकानदार पिकल्या दाढीचे, सगळ्या पोरांना बेटा म्हणणारे. त्यांनी खोका माझ्यासमोर उघडला, मोबाईलची बॅटरी लावून प्रोसेसर बसतो त्या सॉकेटमधल्या बारीक बारीक पिना मला दाखवल्या. "बघून घे बेटा. एक पण पिन वाकडी न्हाई. घरी जाऊन वाकली तर माझ्याकडं यायचं न्हाई. बोर्डात खोट निघाली तर बदलून देतो. बसवताना जळला तर तुझी जिम्मेदारी."

येताना एसटीत तो खोका मी मांडीवर धरून बसले. खड्डा आला की दोन्ही हातांनी वर उचलायचे. बाजूच्या बाईनं विचारलं, "काय हाय गं त्यात, देव हाय का?"

शनिवारी कॉलेज अर्धा दिवस. शिपाई दुपारी कुलूप लावून जातो, म्हणून मी सरांना विचारून कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड ऑटोत टाकून खोलीवर आणलं. मायनं घोंगडी अंथरली. मी म्हणाले, घोंगडी नको, लोकरीच्या ठिणगीनं बोर्ड मरतो, लाकडी पाट दे. बाबा भिंतीला टेकून बसले होते. कॅबिनेट उघडताच ते सरकत सरकत जवळ आले. काम गेल्यापासून आठ महिन्यांत त्यांनी काही उघडलेलं नव्हतं, काही बसवलेलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाहिल्यावर मला त्यांना 'हात लावू नका' असं म्हणवेना.

"बाबा, तो बारका पेचकस द्या."

"हा घे. सावकाश कर, पोरी. जोर लावू नको."

जुना बोर्ड निघाला. कॅबिनेटच्या पत्र्यावर पितळेच्या छोट्या छोट्या खुंट्या असतात. बोर्ड त्यांच्यावर बसतो, म्हणजे त्याची पाठ पत्र्याला लागत नाही. नवा बोर्ड जुन्यापेक्षा अरुंद होता. मी तो बसवला, स्क्रू घातले आणि रॅम दाबायला लागले. रॅम दाबायला जोर लागतो, आणि ज्या कडेला ती होती ती कड जोरानं खाली लवली.

बाबांनी माझा हात धरला. "थांब थांब. ह्या कडेला खाली टेकाच न्हाई. लवून राहिलं बघ. मोडंल."

मी वाकून पाहिलं. खरंच, त्या बाजूला खाली काही नव्हतं. पत्र्यात मात्र भोकं होती, रिकामी.

"ही भोकं कशाला दिली मग?" बाबा म्हणाले. "पायाचं भोक रिकामं सोडून मी आजवर मोटार बसवली न्हाई. एक बोल्ट कमी पडला की सगळी मोटार हलते, शाफ्ट जातो."

हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. विहिरीच्या काठावर उभी राहून मी त्यांना पान्हे द्यायचे, बोल्ट मोजून हातात ठेवायचे. बोल्ट उरला की ते विचारायचे, ह्याचं भोक कुठं हाय? खोक्यात जास्तीच्या खुंट्या होत्याच. मी स्क्रू सोडवले, बाबांनी बोर्ड अलगद उचलून धरला आणि मी रिकाम्या भोकांमध्ये दोन खुंट्या पिळल्या. बोर्ड परत ठेवून स्क्रू आवळले. आता कड लवत नव्हती. रॅम खट्‌ करून बसली. दोघांनाही बरं वाटलं.

वायरी जोडल्या. प्रोसेसरची वेगळी चार पिनांची वायर असते, ती लोक विसरतात. मी विसरले नाही. मॉनिटर लावला. बाबा म्हणाले, "हं, दे चालू करून."

मी बटण दाबलं. प्रोसेसरवरचा पंखा अर्धी गिरकी घेऊन थांबला.

परत दाबलं. काहीच नाही. मागचं बटण बंद करून, थांबून, चालू केलं. पुढचं दाबलं. अर्धी गिरकी, आणि शांत.

मॉनिटर काळा. माय दारात उभी होती. "झालं का?" तिनं विचारलं.

"होईल," मी म्हणाले.  

मग मी जे जे येत होतं ते सगळं केलं. रॅम काढली, खोडरबरानं तिचे सोनेरी पाय घासले, दुसऱ्या खाचेत घातली. अर्धी गिरकी. हार्डडिस्क काढली, डीव्हीडी ड्राइव्ह काढला. अर्धी गिरकी. गोल बॅटरी काढून बराच वेळ बाहेर ठेवली. अर्धी गिरकी. प्रत्येक वेळी बटण दाबताना मी मनात म्हणायचे, ह्या वेळी. पुढं पुढं बटण दाबायचीच भीती वाटायला लागली. न दाबता बसलं तर निदान मेलाय की जिवंत हे कळत तरी नाही.

बाबा खाली वाकले आणि त्यांनी बोर्डाला नाक लावून वास घेतला. जळालेल्या वायंडिंगचा वास त्यांना शेताच्या बांधावरूनच कळायचा. "जळल्याचा वास न्हाई," ते म्हणाले. "जळलं असतं तर लपलं नसतं."

मला धीर द्यायला म्हणाले, पण मला धीर आला नाही. ह्यातली चिप वास न सोडता मरू शकते हे मला ठाऊक होतं. आणि मेली असेल तर माझ्याच हातून मेली. दुकानदारानं सांगितलंच होतं, तुझी जिम्मेदारी. सोमवारी हेडक्लार्क काय म्हणतील ते मला शब्दनशब्द ऐकू येत होतं. त्यांच्या बोलण्यात माझं नावही यायचं नाही. 'ह्या लोकांना' असा शब्द येईल. आमच्यातल्या एकाच्या हातून वस्तू बिघडली की ती त्याची एकट्याची चूक राहत नाही, सगळ्या वस्तीच्या अंगाला चिकटते. माझ्यामागून ज्या पोरी शिकायला निघाल्या होत्या, त्यांच्यासुद्धा.

कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येत होत्या. मी "आई गं" म्हटलं तशी घरमालकीण डोकावली. "अगं, अर्थिंग वाळलं असंल. माझ्या फ्रीजला बी तसंच होऊन राहिलं. मागं खड्डा हाय, त्यात पाणी ओतावं लागतं. पण पाणी कुठलं आता?"

आमच्याकडं दोन कळशा होत्या. नळाला अजून तीन दिवस होते. मी मायकडं पाहिलं नाही. मला मागायची लाज वाटली. ती आत गेली, कळशी उचलून खोलीमागं गेली.

"किती ओतू?" तिनं तिथून विचारलं.

"थोडंच," घरमालकीण म्हणाली.

मायनं सगळी कळशी ओतली. खड्ड्यातल्या वाळल्या कोळशानं ते पाणी चुर्र आवाज करत ओढून घेतलं. ती परत आली, भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोपुढं मेणबत्ती लावली आणि म्हणाली, "आता लाव."

झिणझिण्या गेल्या होत्या. मी बटण दाबलं. पंखा अर्धी गिरकी घेऊन थांबला.

त्या क्षणी मला रडू आलं, ते कॉम्प्युटरसाठी नाही. कळशीसाठी आलं. बाबा जोरात म्हणाले, "रडायचं काय त्यात? मोटार वर काढायची. जिथून आणली तिथं दाखवायची. चल, खोल."

मी दुकानदारांना फोन लावला. उद्या रविवार असला तरी बारापर्यंत दुकानात आहे म्हणाले. "बोर्ड घेऊन ये. बघू." 'बघू' ह्या शब्दातच मला नकार ऐकू आला.

रविवारी पहिल्या गाडीनं मी आणि बाबा निघालो. बाबांनी पांढरा सदरा घातला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी रानं भेगाळून पडली होती. प्रत्येक विहीर दिसली की बाबा मान वळवून बघायचे. मी मनात जुळवत होते, दुकानदारांना काय सांगायचं, त्यांनी नाही म्हटलं तर सरांना काय सांगायचं, सरांनी नाही म्हटलं तर मायला काय सांगायचं. तिसऱ्याचं उत्तर सापडत नव्हतं. गावी परत जा, असं कसं सांगायचं? गावी काय होतं?

कंधारच्या पुढं बाबा म्हणाले, "न्हाईच झालं तर तू काय मरणार न्हाईस. शिकलेली हाईस."

"हाव," मी म्हणाले. 

दुकानदारांनी बोर्ड हातात घेतला, उलटा केला, मागच्या बाजूला बोट फिरवलं. मग रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. त्यांची रॅम लावली, पॉवर सप्लाय लावला, मॉनिटर जोडला. बटण नव्हतं, म्हणून बोर्डाच्या कोपऱ्यातल्या दोन पिनांना पेचकसाचं टोक टेकवलं.

पंखा फिरला. फिरतच राहिला. मॉनिटरवर पांढरी अक्षरं आली.

"बोर्ड जिंदा हाय बेटा तुझा," ते म्हणाले.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी जास्तच घाबरले. बोर्ड चांगला आहे, म्हणजे दोष माझ्यात आहे. आणि तो काय आहे ते मला अजून कळलेलं नव्हतं.

दुकानदारांनी बोर्ड परत उलटा करून मला दाखवला. हिरव्या पाठीवर, झाळ मारलेल्या ठिपक्यांवर एक गोल ओरखडा उमटला होता. शेजारी थोडं पुढं तसाच दुसरा. "हे काय हाय? खाली पितळी किती लावल्या?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "सगळ्या भोकांत लावल्या. एक बी सोडलं न्हाई." किती दिवसांनी त्यांच्या आवाजात तो जुना ताठा आला होता.

 दुकानदारांनी बाबांच्या हातांकडं पाहिलं. बोटांच्या पेरांत काळं ग्रीस मुरलेले हात होते ते, आठ महिन्यांत निघालं नव्हतं. "उस्ताद, काम काय करता?"

"मोटारी बसवतो. विहिरीच्या."

"तरीच. बघा, मोटार थरथरते, म्हणून तिला सगळीकडून आवळावं लागतं. ही चीज जागची हलत न्हाई. बोर्डाला जिथं भोक हाय, तिथंच खाली टेका द्यायचा. जिथं भोक न्हाई तिथं दिला की पितळ ह्या ठिपक्यांना लागतं आणि करंट पत्र्यात पळतो. पॉवर सप्लाय हुशार असतो, लगेच बंद पडतो. न्हाईतर जळलाच असता."

बाबांचं तोंड उतरलं. "मीच लावायला सांगितल्या," ते म्हणाले. "पोरीची चूक न्हाई."

"पिळल्या मी," मी म्हणाले. "बी.एस्सी. मी केलंय, तुम्ही नाही." प्रोसेसरच्या आतली रचना मी परीक्षेत पानं भरभरून लिहिली होती. बोर्ड पत्र्यावर कसा ठेवायचा हे एकाही पुस्तकात नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. विचारलं की आपल्याला येत नाही हे कळतं, ह्याचीच तर भीती होती.

दुकानदारांनी चहा मागवला. बाबांनी चहा घेतला, पण परतीच्या वाटेवर विहीर दिसली तरी मान वळवली नाही. मी म्हणाले, "कड लवत होती हे तुम्हालाच दिसलं. मला दिसलं नव्हतं." ते म्हणाले, "दिसून काय उपेग झाला?"  माझ्या मांडीवर खोका होता आणि डोक्यात एकच: खोक्यावर चालला, कॅबिनेटच्या डब्यात चालेल का? त्या दोन ओरखड्यांनी आतून काही तुटलं असलं तर?

खोलीवर पोचलो तेव्हा ऊन अजून होतं. बाबांनी पिशवीतून पक्कड काढली आणि त्या दोन्ही खुंट्या स्वतःच्या हातानं काढल्या. मी बोर्डाची भोकं आणि खालच्या खुंट्या दोनदा ताडून पाहिल्या. मग बाबांनी त्या मला मोजायला लावल्या, मोठ्यानं, लहानपणी बोल्ट मोजायला लावायचे तशा. रॅम दाबताना त्यांनी लवणाऱ्या कडेखाली फक्त बोट धरलं आणि नंतर काढून घेतलं.

बटणावर बोट ठेवून मी थांबले. खूप वेळ थांबले असणार, कारण माय म्हणाली, "अगं दाब की. पाणी आता उरलं न्हाई ओतायला."

आम्ही तिघंही हसलो. हसता हसताच मी दाबलं.

पंखा फिरला, थांबला नाही. मॉनिटर उजळला. मी हार्डडिस्क जोडून परत सुरू केलं तर ऑफिसची सगळी खाती, पोरांच्या याद्या, सगळं होतं तसं दिसलं. मी दोन तास ते मशीन बंदच केलं नाही. परत चालू झालं नाही तर, ही भीती जाईना. शेवटी बाबांनीच ते बंद केलं, चालू केलं, बंद केलं, चालू केलं. पाच वेळा.

सोमवारी सचिव साहेब आले. ऑफिसात जेमतेम पाच मिनिटं थांबले. हेडक्लार्कनी त्यांना बारावीची यादी छापून दिली आणि म्हणाले, "मॅडमनी घरीच बसवला बोर्ड." ते टोमण्यानं म्हणाले की कौतुकानं, मला आजही सांगता येत नाही. साहेबांनी यादी पाहिली, मान हलवली आणि जिल्ह्याच्या गोष्टी काढल्या. प्राचार्य सरांनी मात्र माझं नाव पुढं केलं. बोर्ड नांदेडला परत नेऊन आणावा लागला, कारण मी तो चुकीचा बसवला होता, हे मी त्याच दिवशी सरांना सांगून टाकलं. ते म्हणाले, "पुढच्या वेळी आधी खोक्यावर चालवून बघा."

महिनाभरानं मला प्रयोगशाळा सहायक म्हणून नेमणुकीचं पत्र मिळालं. सहीशिक्क्याचं, कायम जागेचं. आमच्या घराण्यात पगारी नोकरी लागलेली मी पहिली.